मुरवलेली बॅटरी

गिटारीतलं मला काही कळत नाही. हे मी परशुरामकाकांना पहिल्याच दिवशी, ते दुकानाच्या पायरीवर असतानाच सांगून टाकलं होतं. माझं दुकान मालवणच्या बंदरावर आहे. मासळी शोधायची यंत्रं, वायरलेस, होडीवरचे दिवे आणि बॅटऱ्या, यांची दुरुस्ती मी करते. बाबा गेल्यापासून बारा वर्षं एकटीच. सुरुवातीला खलाशी यायचे आणि मिस्त्री कुठे आहेत म्हणून माझ्या खांद्यावरून आत डोकावायचे. अशा दोघातिघांची यंत्रं मी न उघडताच परत पाठवली, तेव्हापासून बंदरावर मलाच मिस्त्री म्हणतात. माझ्या तोंडाची कोणी तारीफ करत नाही, पण मी जोडलेलं यंत्र समुद्रात बंद पडलं असंही कोणी म्हणत नाही, आणि मला तेवढं पुरतं.

तर काका आले ते वालावलहून, म्हणजे माझ्या आजोळच्या गावाहून, एसटीने, मांडीवर बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन. वय एकाहत्तर, अंगकाठी शिडशिडीत. चोवीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनखोलीत काढलेली. जहाजावर इतर लोक पगाराची घड्याळं घेत, सेंटच्या बाटल्या घेत. या गृहस्थाने गिटार घेतली, आणि मग जिथे जहाज लागेल तिथल्या जुन्या बाजारात फिरून गिटारीच्या पायपेट्या घेतल्या. पेडल म्हणतात त्यांना. गिटारीची वायर या डबीत शिरते, डबीतून निघून स्पीकरला जाते, आणि डबीवर पाय दिला की गिटारीचा आवाज बदलतो. काकांच्या डब्यात अशी तीन पेडलं होती. एक गोल, ओतीव लोखंडाचं, हॅम्बुर्गचं. त्याने आवाज फाटतो. एक पायाखाली वरखाली हलणारं, लंडनचं. त्याने आवाज आ वासतो आणि मिटतो. तिसरं कोबे बंदरातलं, त्याने आवाज घुमतो. फाटलेला आवाज कोणाला मुद्दाम कशाला हवा असतो, असं मी विचारलं. काका नुसते हसले.

पहिली दोन पेडलं चालायची चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर. तिसऱ्याला जपानी ॲडॉप्टर होता, तो एकशेदहा व्होल्टचा. तो काकांनी एकदा आपल्याकडच्या भिंतीत खोचला आणि घरभर धूर केला. आता पुण्याच्या मुलाने नव्या पद्धतीचा वीजपुरवठा पाठवला होता. काळी, वहीएवढी पेटी, तिला सहा तोंडं, प्रत्येकातून स्वतंत्र नऊ व्होल्ट. आजकालची सगळी पेडलं त्यावर चालतात. काकांची पन्नास वर्षांपूर्वीची चालत नव्हती, कारण त्यांना या पेटीची वायर लावायला भोकच नव्हतं. ते करून द्यायचं, पण डबीला ड्रिल मारायचं नाही. आणि रविवारच्या आत.

रविवारी काय आहे, ते विचारल्यावर काका जरा सावरून बसले. त्यांच्या वाडीतल्या देवळाचा वर्धापनदिन होता आणि त्यानिमित्त डबल बारी. आपल्याकडे दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात, दोन बुवा एकमेकांना गाण्यातून चिमटे काढतात, आणि माणसं चार-चार तास मांडी मोडून ऐकतात. काका वाडीच्या मंडळात. बुवा मंगेश. या मंगेशबुवांच्या मागे काका गेली कित्येक वर्षं लागले होते की एक गजर मला गिटारीवर वाजवू दे. बुवांचं म्हणणं, भजनात गिटार म्हणजे देवाला बूट घालण्यासारखं आहे. यंदा ते कसेबसे तयार झाले. मात्र तालमीत दोनदा ऐन गजरात काकांची बॅटरी बसली आणि बुवांनी सांगून टाकलं की तिसऱ्यांदा असं झालं तर गिटार मांडवाबाहेर.

हे सगळं हौसेचं प्रकरण आहे असं मला वाटत होतं. मग काकांनी शंकरदादांचं नाव काढलं.

शंकरदादा देवळात सनई वाजवायचे. चाळीस वर्षं, सकाळ-संध्याकाळ. पालखी निघताना त्यांचा एक ठरलेला गजर असायचा, तो ऐकून वहाळापलीकडची, ओढ्याच्या पल्याडची माणसंही हात जोडायची. तीन वर्षांपूर्वी छातीचं दुखणं झालं, डॉक्टरांनी फुंकायची बंदी केली. देवळात आता पेनड्राइव्हवर कुठलीतरी सनई लागते. ती सुरू झाली की दादा घरात जाऊन रेडिओ मोठा करतात. पालखीलाही येत नाहीत. काका आणि ते लहानपणापासूनचे जोडीदार, पण गेली तीन वर्षं दादा काकांशीही दोन वाक्यांपलीकडे बोलत नव्हते. काकांच्या डोक्यात एकच होतं: तो पालखीचा गजर बारीत वाजवायचा, दादांना ऐकू जाईल असा.

"गिटारीवर?" मी विचारलं.

"गो, ह्या गोल डबयेत घातलंय आणि ह्या दुसरेवर पाय दिलंय, की गिटार सनयसारखी बोलता. माका वीस वर्षां लागली तो आवाज गावूक," काका म्हणाले. "बारयेक शंकर येतलो. बारी तो चुकवणा नाय. पण आवाज खोटो वाटलो तर उठान जातलो. आणि तो उठान गेलो, तर मी ही परत डब्यात घालतलंय. कायमची."

मी डबा ठेवून घेतला. गुरुवारी या म्हटलं.

आता कामाचं सांगते, कारण काम मी चांगलं केलं होतं आणि ते कोणीतरी ऐकलं पाहिजे. ड्रिल मारायचं नव्हतं, म्हणून मी मेलेल्या चौकोनी बॅटऱ्या फोडल्या. त्यांच्या डोक्यावर दोन बटणांची जी पट्टी असते ती काढली आणि तिला वायर जोडून दुसऱ्या टोकाला नव्या पेटीचा प्लग बसवला. पेडलच्या आत जिथे बॅटरीचा चाप असतो तिथे ही पट्टी बसली. पेडलला वाटतं बॅटरीच लावली आहे. डबीला ओरखडाही नाही.

गोल पेडल मात्र वाकड्या स्वभावाचं निघालं. होडीवर सगळीकडे बॅटरीची उणे बाजू सांगाड्याला जोडायची असते, हे बंदरावरचं शेंबडं पोरही सांगेल. या डबीत अधिक बाजू पत्र्याला जोडलेली. त्या काळी तसं करत. हे आणि बाकीची दोन एकाच वायरीवर लावली असती तर क्षणात ठिणगी उडाली असती. पण नव्या पेटीची तोंडं स्वतंत्र होती, तेव्हा मी त्याच्यापुरती वायर उलटी जोडली, तिला लाल चिकटपट्टी गुंडाळली आणि वर मोठ्या अक्षरात 'फक्त गोल' लिहिलं. कोबेच्या पेडलला आतून नवा पुरवठा दिला. खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या पट्ट्या घासल्या, सैल टाके पुन्हा घातले. मीटर लावलं तर तिन्हीकडे नऊ व्होल्ट, तेही ठाम. डबीने कितीही ओढलं तरी काटा हलत नव्हता. बाबांनी मला सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं, की यंत्राला हवी तितकी वीज पुरी आणि स्वच्छ पोचली पाहिजे. दहा वाव खोल पाण्यात वायरलेसची बॅटरी दमली, तर कोणाला हाक मारणार? मी स्वतःवर खूश होते. खरं सांगायचं तर दिवसभर गुणगुणत होते.

गुरुवारी काका गिटार आणि छोटा स्पीकर घेऊन आले. सगळं जोडलं. खरखर नाही, गुणगुण नाही. काकांनी डोळे मिटले आणि पहिली ओळ वाजवली. मला तो आवाज लाकडाच्या गिरणीतल्या करवतीसारखा वाटला, पण फाटलेला आवाज असाच असणार अशी मी समजूत करून घेतली. काका थांबले. दोन बटणं फिरवली. पुन्हा वाजवलं. पाय काढला, ठेवला, पुन्हा एकदा वाजवलं. मग गिटार हळूच मांडीवर आडवी घेतली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "फारच छान झालं आहे. आपण बरीच मेहनत घेतलीत. आभारी आहे."

आमच्याकडचा माणूस अशी शुद्ध मराठी तहसीलदारासमोर बोलतो, बँकेत बोलतो, नाहीतर व्याह्यांशी पहिल्या भेटीत बोलतो. लहानपणापासून मला 'गो' म्हणणाऱ्या माणसाने मला 'आपण' म्हटलं, याचा अर्थ त्याने मनातल्या मनात दार लावून घेतलं होतं. काही चुकलंय का, मी विचारलं. "नाही, नाही. उत्तम आहे," काका म्हणाले आणि पावणेएकची गाडी चुकेल म्हणून डबा उचलून गेले.

मी चिडले. चिडले की माझे हात भराभर चालतात, त्यामुळे त्या दिवशी दोन यंत्रं दुरुस्त झाली आणि तीन गिऱ्हाइकं दुखावली. शुक्रवारीही तेच. काम निर्दोष होतं, मीटर साक्षीला होतं, मग या म्हाताऱ्याने मला 'आपण' म्हणायचं काय कारण? शनिवारी सकाळी मी हत्यारांची पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकली, दुकानाला कुलूप लावलं आणि चौके गावावरून नेरूरपारचा पूल ओलांडून वालावल गाठलं. रस्ताभर मी काकांना सुनवायची वाक्यं जुळवत होते. चांगली जुळली होती.

काका घरी नव्हते, काजीत, म्हणजे काजूच्या बागेत गेले होते. सीताकाकी खळ्यात कुळीथ झोडत बसल्या होत्या. मला पाहून त्यांना बरं वाटलं की वाईट, ते कळेना. चहा ठेवायला उठता उठता त्यांनी सांगितलं की डबा माळ्यावर गेलाय आणि गिटारही. गुरुवारी घरी येऊन काकांनी मंगेशबुवांना फोन केला आणि गजर रद्द करायला सांगितला. बुवांनी कारणही विचारलं नाही.

"पण का?" मी म्हटलं. "काय बिघडलं होतं त्यात?"

काकींनी खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीच्या फळीवर आठ चौकोनी बॅटऱ्या ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. शेजारी एक जुना ट्रान्झिस्टर. "बॅटरी मुरवता तो," काकी म्हणाल्या. लोणचं मुरवतात तितक्या सहज म्हणाल्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काका बाजारातून सगळ्यात स्वस्त बॅटरी आणायचे. ती आधी ट्रान्झिस्टरमध्ये घालून आठ-दहा दिवस बातम्या ऐकायच्या. बॅटरी अर्धीअधिक दमली, बातम्या देणारा माणूस आजारी असल्यासारखा बोलायला लागला, की ती काढून दोन दिवस फळीवर ठेवायची आणि मग गोल पेडलमध्ये घालायची. तसं केलं तरच त्यातून सनई निघायची. नव्या बॅटरीवर नुसती करकर. पण दमलेली बॅटरी कधी पूर्ण बसेल त्याचा नेम नाही, म्हणून तालमीत फजिती झाली. त्यात त्या स्वस्त बॅटऱ्या बाजारातून गेल्या. आता मिळतात त्या महाग, आणि त्या हळूहळू दमतच नाहीत, ठणठणीत चालतात आणि एकदम मरतात. म्हणून काकांनी नाइलाजाने नवी पेटी मागवली होती.

जुळवलेली वाक्यं माझ्या तोंडातच राहिली. तेवढ्यात काका आले. मला पाहून दारातच थबकले आणि तोंड उघडून 'आपण' म्हणणार, हे माझ्या लक्षात आलं.

"काका, आधी माका सांगा," मी म्हटलं, "ही मुरवलेली बॅटरी माका त्या दिवशी कित्याक सांगूक नाय?"

काका पायरीवर बसले. पायाची माती काढू लागले. "लाज वाटली गो," ते म्हणाले. "चोवीस वर्षां इंजिनात काढलंय. मेलेल्या बॅटरयेर वाजवतंय, असा मिस्त्रीक खंयच्या तोंडान सांगू?"

मी त्यांना डबा खाली काढायला लावला. फळीवरच्या आठ बॅटऱ्यांपैकी सात पार मेल्या होत्या. आठवीत थोडी धुगधुगी होती. मी माझी पट्टी काढून ती बॅटरी चापात बसवली. काका नको नको म्हणत होते, पण गिटार हातात आल्यावर बोटं त्यांचं ऐकेनात. त्यांनी पाय दिला आणि पालखीच्या गजराची पहिली ओळ वाजवली.

आणि ती सनई होती. अगदी खरी नव्हे, कोणी भिंतीपलीकडे बसून वाजवावी तशी, पण सनईच्या तोंडच्या पत्तीचा तो नाकातला सूर, चढताना थोडा चिरकणारा, उतरताना ओलसर होणारा, तो सगळा त्यात होता. लहानपणी मी आजोळी त्या देवळात ऐकला होता तो आवाज. दीड ओळीनंतर तो बारीक होत होत गेला आणि बॅटरी संपली. परत खळ्यात गेलेल्या काकींनी झोडायची काठी केव्हाच खाली ठेवली होती.

"माझा चुकला, काका," मी म्हटलं. हे वाक्य बंदरावर माझ्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. "मी होडयेची वीज दिलंय तुमच्या सनयेक."

चूक कळल्यावर बाकीचं सोपं होतं. ती आठवी बॅटरी थोड्या वेळाने जरा सावरल्यावर मी मीटर लावून पुन्हा तपासली. नव्या पेटीचे नऊ व्होल्ट खांबासारखे उभे असतात. काकांची बॅटरी तशी नसते. स्वर जोरात छेडला की डबी वीज ओढते, बॅटरीला धाप लागते, व्होल्ट खाली येतात, आणि स्वर विरत गेला की ती पुन्हा सावरते. आवाजातला तो चिरकेपणा, तो ओलावा त्या धापेतून येत होता. मी नेमकी तीच काढून टाकली होती, आणि वर गुणगुणत होते.

म्हणजे आता धडधाकट विजेला दमवायचं होतं. डिकीत एका जुन्या रेडिओचं आवाज कमीजास्त करायचं बटण होतं. ते मी गोल पेडलच्या वायरीत मध्येच जोडलं. बटण फिरवावं तसा विजेच्या वाटेत अडथळा वाढतो, आणि डबीला वाटतं की बॅटरी थकत चालली आहे. पडवीत जमिनीवर मी बसले होते, समोर स्टुलावर काका. ते वाजवायचे, मी केसभर फिरवायचे. काकींनी उठून पश्चिमेच्या खिडक्या उघड्या ठेवून पूर्वेच्या सगळ्या लावून टाकल्या, कारण वारा समुद्राकडून सुटला होता आणि पूर्वेला वहाळापलीकडे शंकरदादांचं घर होतं. त्यांच्या कानावर आधीच काही जायला नको होतं.

तासाभरात बरेच आवाज होऊन गेले. एकदा डास झाला, एकदा म्हशीचं रेडकू. काका घामाघूम झाले. मला आणि काकांना आता कशातच फरक कळेनासा झाला होता, आणि मी बटण आणखी अर्धा केस फिरवलं तेव्हा काकी आतून आल्या. हाताला पीठ होतं. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि काका ओळ संपवेपर्यंत त्यांनी पालखीसमोर घेतात तसा पदर डोक्यावरून घेतला. मी पक्कड खाली ठेवली. बटण हलू नये म्हणून त्यावर डिंकाचा जाड थर दिला.

मंगेशबुवांना फोन मी केला. काकांनी केला असता तर बुवांनी ऐकलं नसतं. दोनदा बंद पडलेलं आणि एकदा रद्द झालेलं पुन्हा कशाला, असं ते म्हणाले. मी म्हटलं की बंद पडलं तर बारीच्या ध्वनिक्षेपकाचं पुढल्या वर्षीचं सगळं काम माझ्याकडून फुकट. एकच गजर, एकदाच, असं बजावून बुवांनी फोन ठेवला.

रविवारी चारला बारी सुरू झाली. दहाच्या आत माईक बंद करायचा नियम आला तेव्हापासून बाऱ्या दिवसाउजेडीच बसतात. समोर तळेऱ्याकडचं मंडळ होतं, त्यांचा बुवा तरुण आणि जिभेचा तिखट. त्याला गिटार दिसली मात्र, पहिल्या फेरीतच त्याने त्यावर कवन रचून टाकलं, की वालावलकरांचा देव आता पॅन्ट घालून परदेशी निघालाय, तिकीट कोण काढतंय बघा. मांडव हसला. मंगेशबुवाही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. काका मागच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. मी त्यांच्या पायाशी, वायरींचं निमित्त करून.

शंकरदादा आले होते. मांडवाच्या अगदी शेवटच्या खांबाशी, रस्त्याच्या बाजूला खुर्ची टाकून, चपला पायातच. जायला सोपं पडावं अशी ती जागा होती. अंग निम्मं झालेलं, खांदे श्वासाबरोबर वरखाली होत होते. काकांनी तिकडे एकदाच पाहिलं आणि मला म्हणाले, "माझे हात थंड पडले गो." मी म्हटलं, वीज मी बघते, हात तुम्ही बघा. मी ओरडलेच जवळजवळ.

आमच्या तिसऱ्या फेरीत बुवांनी गजर उचलला. टाळ लागले, पखवाज लागला, आणि बुवांनी मागे न बघता हात वर केला. काकांनी पाय दिला.

पहिल्या सुरालाच मांडवातल्या बायकांच्या माना देवळाच्या सभामंडपाकडे वळल्या. सनई तिथून येते अशी सवय होती त्यांना. तिथे कोणी नाही असं पाहून त्या परत वळल्या आणि मग काकांकडे बघत राहिल्या. समोरचा तिखट बुवा पान लावत होता, तो तसाच थांबला. पालखीचा गजर होता तो, वाडीतल्या प्रत्येकाला पाठ असलेला, आणि तीन वर्षांनी तो कोणीतरी जिवंत वाजवत होता. पहिलं आवर्तन पार पडलं. वीज ठीक होती. मी वर पाहिलं तर शंकरदादा उठून उभे राहिले होते.

काकांनीही पाहिलं. त्यांचा सूर थरथरला, पण त्यांनी थांबवलं नाही, बहुधा कसं थांबवायचं तेच सुचलं नसावं. दादा खांबाला धरून उभे होते. मग त्यांनी चपला काढल्या. रस्त्याकडे न वळता ते माणसांतून वाट काढत पुढे यायला लागले, चार पावलं चालून थांबत, पुन्हा चार पावलं. लोकांनी पाय आखडून जागा दिली. बुवांनी गजर तोडायचा का चालू ठेवायचा, ते न कळून नुसते टाळ चालू ठेवले. दादा थेट काकांसमोर आले, माझ्या शेजारी जमिनीवर बसले, आणि बराच वेळ त्यांना बोलताच येईना, नुसती धाप.

"दम खंय घेतलंस?" ते शेवटी म्हणाले. "सगळा एका दमात वाजवलंस. मी खंय दम घेतंय, ता इसारलंस?"

काकांनी तार सोडली. त्यांचे डोळे भरले होते, माझे तर वाहतच होते, आणि वायरींवर पाणी पडू नये म्हणून मी मागे सरकले. दादांनी उजवा हात गुडघ्यावरून उचलला आणि पंजा उघडा धरला. काकांनी पुन्हा सुरुवात केली. ओळ चढत गेली, दादांचा पंजा मिटला, आणि काकांनी तिथल्या तिथे तार दाबून धरली. तेवढ्या शांततेत दादांनी श्वास घेतला, छाती भरून, घरघर करत. पंजा उघडला. काका पुढे निघाले.

एकदाच वाजवायचा असं ठरलेला गजर मंगेशबुवांनी थांबवला नाही. पखवाजवाला आधी दोनदा चुकला, त्या रिकाम्या जागेत त्याची थाप पडली आणि दादांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. तिसऱ्या वेळी त्यालाही कळलं. मग टाळ थांबायला लागले, मग कोरस, मग समोरच्या मंडळातलेही काहीजण, आणि पुढची दहा मिनिटं सगळा मांडव शंकरदादांचा श्वास होईपर्यंत थांबत होता.